‘कीट’, ‘कृमि’ आणि ‘कसर’ : एक शब्दचिकित्सा

जिनीव्हाचा पंडित शार्ल बोने यानें इ. स. १७४५ मध्यें कीटकांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या नांवांत ‘इन्सेक्टॉलॉजी’ हा शब्द योजिला होता. पिकांवरील मावा या किडीची मादी नराच्या संगावांचून प्रजा प्रसवते, हें त्यानें त्यांत दाखविलें. निरीक्षण टिकलें, शब्द मात्र मागें पडला. त्याचा पूर्वार्ध लॅटिन व उत्तरार्ध ग्रीक, असा तो संकर होता. पुढें दोन्ही अवयव ग्रीक असलेला ‘एंटोमॉलॉजी’ हा शब्द रूढ झाला. मौज अशी कीं, लॅटिन शब्द हा मूळ ग्रीक शब्दाचाच अनुवाद असून दोहोंचा अर्थ ‘खांचा पडलेला प्राणी’ असा एकच आहे.

आपल्याकडेहि ‘कीट’ हा शब्द असतां ‘कीटकशास्त्र’ यांतील दुसरा ‘क’ कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मतें तो फोल आहे. स्वार्थीं ‘क’ प्रत्यय व्याकरणास संमत आहे, आणि परभणी येथें इ. स. १९७२ मध्यें स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांतील विभागाचें नांवहि ‘कृषि कीटकशास्त्र’ असेंच आहे. रूढ शब्दाशीं भांडण्याचें प्रयोजन नाहीं.

खरा दोष निराळाच आहे. आजच्या शब्दाचा अर्थ जुन्या पोथींतील शब्दावर लादणें, हा तो दोष होय. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील आठवा अध्याय ‘कीटकल्प’ नांवाचा आहे. त्याचें भाषांतर ‘कीटकशास्त्र’ असें करणारा फसतो. त्या अध्यायांत विंचू आहे, कोळीहि आहे. आजच्या शास्त्रांत सहा पायांचा तोच कीटक, आणि हे दोघे तर आठ पायांचे. सुश्रुताची वांटणी वायव्य, आग्नेय, सौम्य व सान्निपातिक अशी दोषांस अनुसरून आहे. कारण वैद्याला प्राण्याचे पाय मोजावयाचे नसून विष उतरावयाचें होतें. उलट उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रांत इंद्रियांवरून क्रम लाविला आहे : कृमीला दोन, मुंगीला तीन, भ्रमराला चार. प्रयोजन भिन्न, म्हणून वर्गीकरणहि भिन्न. दोन्ही आपापल्या जागीं सुसंगत आहेत. संपादकानें दोहोंना एकाच पिशवींत घालूं नये.

हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नव्हे. हस्तलिखितांच्या याद्यांत ‘कृमिभक्षित’ किंवा ‘कसर लागलेली’ एवढीच नोंद करून आपण पुढें जातों. ती किती महाग पडते, हें आम्हीं सेलू तालुक्यांतील वालूर या, बारवांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं अनुभविलें. तेथील एका घरीं कोनाड्यांत ठेविलेल्या दप्तराची यादी करितांना आम्हीं स्वतःच ‘कसर लागलेली’ असें लिहिलें, वेखंडाची पुरचुंडी ठेवविली व निश्चिंत झालों. पावसाळा संपल्यावर पाहतों तों वरचीं पानें शाबूत, आंत पोकळी, आणि कोनाड्याच्या मागून भिंतीवर मातीची बारीक नळी गेलेली. ती कसर नव्हतीच. ती वाळवी होती. चूक यजमानाची नव्हे, आमच्या लेखणीची.

ओळख अवघड नाहीं. कसर ही रुपेरी व बिनपंखांची. ती कागदाचा पृष्ठभाग खरवडते आणि खळीवर लुब्ध असते. भुंगेऱ्याची अळी पानांमागून पानें गोल छिद्र पाडीत जाते व मागें भुकटी सोडते. वाळवी जमिनींतून ओलाव्याच्या आश्रयानें, मातीच्या नळींतून येते. म्हणून कसरीला उघडी हवा व झाडझूड. भुंगेऱ्याला दप्तर प्रथम वेगळें काढणें. आणि वाळवीला पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर नेऊन ओल बंद करणें, असे उपाय भिन्न आहेत. एका शब्दानें तिहींची बोळवण केली, तर उपायहि चुकतो.

त्याच गांवीं आम्हांस दुसराहि मोह झाला. अमरकोशांत वारुळाला ‘वामलूर’ असें नांव आहे. त्यावरून ‘वालूर’ साधावें, असें संस्कृत पढलेल्या कोणाच्याहि मनांत येईल. परंतु ‘ऊर’ म्हणजे गांव हा कन्नड शब्द, आणि या भागावर कन्नडभाषी राजकुलांची सत्ता दीर्घकाळ होती. केवळ ध्वनिसाम्य हें प्रमाण नव्हे. शिलालेख वा ताम्रपट पाहिल्यावांचून गांवाची व्युत्पत्ति सांगूं नये, आणि छिद्र पाहिल्यावांचून किडीचें नांव लिहूं नये. दोन्ही ठिकाणीं नियम एकच.

आमची विनंति एवढीच कीं, यापुढें यादींत ‘कृमिभक्षित’ या पदापुढें छिद्राचा आकार, भुकटी आणि माती यांची एक ओळ संग्राहकांनीं अवश्य लिहावी. वालूरचीं गेलेलीं पानें परत येणार नाहींत. ती एक ओळ लिहिली असती, तर कदाचित् तीं आज वाचतां आलीं असतीं.