आज्ञापत्रांतील दुर्गविचार

इ. स. १७१५ मध्यें रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेलें ‘आज्ञापत्र’ म्हणजे कौटिलीय सप्तांगाची केवळ छाया, असें मानण्याचा मोह संस्कृतज्ञांस होतो. १९०९ सालीं ‘अर्थशास्त्र’ मुद्रित झाल्यापासून साम्यें दाखविणें सोपेंही झालें आहे. परंतु दुर्गप्रकरण लक्षपूर्वक वाचलें असतां हें मत टिकत नाहीं. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, हें कोणीही शास्त्रकार सांगेल. तोफांच्या हादऱ्यानें झरे आटतात, म्हणून एका झऱ्यावर न विसंबतां साठ्याचीं टाकीं राखावीं. गडास एकच दरवाजा हा दोष, म्हणून चोरदिंड्या असाव्या. दारूखाना घरांजवळ नसावा, हें मात्र वेढे अनुभवलेला कारभारीच लिहील. कौटिल्यापुढें तोफा नव्हत्या. १६८९ त राजाराम महाराज जिंजीकडे गेल्यावर ‘हुकुमतपनाह’ या अधिकारानें महाराष्ट्राच्या रक्षणाचा भार याच अमात्यांवर होता. संकटाची तरतूद स्वस्थतेच्या काळींच करावी लागते, हा त्यांचा धडा पोथींतला नव्हे. ज्यांच्या संग्रहीं गडांचे जुने जमाखर्च असतील, त्यांनीं ते या प्रकरणाशेजारीं ठेवून वाचावे. या ग्रंथाचें खरें भाष्य तेथेंच सांपडेल.