कापलेला आवाज, गाळलेलं नाव

तीस वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी पाश्चात्त्य नृत्यसंगीतावर लेख लिहिला होता. त्यात ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन चमूच्या ‘राइड ऑन टाइम’ या गाण्याची गायिका म्हणून कॅट्रिन क्विनॉलचं नाव दिलं होतं. पुरावा एवढाच, की केबलवर दिसणाऱ्या गाण्यात तिचे ओठ हलत होते. ते नाव चुकीचं होतं. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे. ती करताना हाउस संगीतातल्या आवाजाविषयी जे हाती लागलं, तेही इथे मांडतो.

हाउस शिकागोचं. तिथल्या ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्स १९७७पासून तबकड्या वाजवत असे. त्या क्लबावरूनच या संगीताला नाव मिळालं, असं मानतात. खाली ड्रम मशीनचा चार मात्रांचा न थकणारा ठोका आणि वर माणसाच्या आवाजाचा एखादा तुकडा, हा त्याचा ओळखीचा साचा. तो तुकडा सॅम्पलर नावाच्या यंत्रात साठवतात आणि पेटीसारख्या पट्ट्यांवरून वाजवतात. बोट ठेवलं की उद्गार सुरू होतो, पुन्हा ठेवलं की अर्ध्यात तुटून पहिल्यापासून. सुरुवातीच्या सॅम्पलरमध्ये सूर आणि वेग एकमेकांना बांधलेले असत. वरची पट्टी दाबली की सूर चढे आणि उद्गार आखूडही होई. पुढे सूर न हलवता लांबी ताणण्याची सोय आली. शिवाय कॉम्प्रेशनमुळे गायिकेचा दबका श्वासही तिच्या हाकेइतका पुढे येतो. फिल्टरने वरचे स्वर झाकून हळूहळू उघडले, की बंद दारामागचा आवाज दार उघडत जावं तसा जवळ येतो.

या सगळ्यात सर्वांत आधी जातो तो शब्दार्थ. ‘राइड ऑन टाइम’ हे शीर्षकच त्याचा नमुना. मूळ गाण्यातला शब्द ‘राइट’ आहे. तो ‘राइड’ ऐकला गेला आणि तसाच तबकडीवर छापला गेला. तरीही १९८९ साली ते गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अर्थ हरवूनही लोकांना जे भिडलं, ते काय होतं?

तो आवाज लोलिॲटा हॉलोवे हिचा. ती शिकागोचीच, चर्चच्या गॉस्पेल परंपरेत वाढलेली, ‘कॅरव्हॅन्स’ या नामांकित गॉस्पेल चमूत गायलेली. डॅन हार्टमन याने लिहिलेलं ‘लव्ह सेन्सेशन’ तिने १९८०मध्ये गायलं. त्या ध्वनिमुद्रणात हार्टमनने आपल्याकडून ते पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं, असं ती सांगत असे. इटालियन निर्मात्यांनी त्यातलेच उद्गार कापून घेतले, आणि पडद्यावर उभी राहिली क्विनॉल, एक मॉडेल.

पुढे तक्रार झाली, तडजोड झाली, आणि हेदर स्मॉल या गायिकेकडून तेच उद्गार पुन्हा गाऊन घेऊन नवी आवृत्ती निघाली. दोन्ही आवृत्त्या मी शेजारी ठेवून ऐकल्या आहेत. स्मॉल पट्टीची गायिका, सूर तेच, ठोका तोच. पण माझ्या कानाला हॉलोवेच्या उद्गारात सुराच्या आधीचा एक झटका ऐकू येतो, छातीतून जोर लावून काढलेला. तो सुरांत लिहून देता येत नाही, म्हणून दुसऱ्या गळ्यात उतरत नाही.

‘आम्ही आवाज वाद्यासारखा वापरतो, वाद्याला कसलं नाव?’ असा बचाव या क्षेत्रात ऐकू येतो. मला तो उलटा वाटतो. कात्री शब्द काढते, ओळ काढते, गाण्याची गोष्ट काढते. हे सगळं काढल्यावर उरतो तो त्या एका बाईचा देह: तिचा श्वास, तिची रियाजाची वर्षं. जितकं बारीक कापाल, तितका तुकडा त्या व्यक्तीचाच उरतो. म्हणून कापणं हा दोष नाही. त्यात कसब आहे आणि मी त्याचा चाहता आहे. दोष आहे नाव गाळण्यात.

याच चमूच्या पुढच्या गाण्यांत मार्था वॉश गायली, पण चित्रफितींत पुन्हा क्विनॉलच दिसली. वॉश कोर्टात गेली, तेव्हा कुठे तिच्या आवाजाला नाव मिळू लागलं. १९९१मध्ये मार्की मार्कच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये हॉलोवेचेच उद्गार आले, पण या वेळी तबकडीवर तिचं नाव होतं. ते गाणंही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाव छापल्याने नाच थांबला नाही.

आपल्याला हे नवं वाटू नये. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव कळलं.

त्या श्रोत्यांनी निदान विचारलं तरी. मी विचारलं नव्हतं. ओठ पाहिले आणि लिहून मोकळा झालो. हॉलोवे २०११मध्ये गेली. माझा तो जुना लेख कुणाच्या कपाटात असेल, तर त्यांनी कॅट्रिन क्विनॉल हे नाव खोडून तिथे लोलिॲटा हॉलोवे लिहावं, एवढी विनंती.