डॉक्टरांची लेखणी : शोधनिबंध आणि कहाणी

डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तके मराठी वाचकाला प्रिय आहेत. कोणत्याही जुन्या ग्रंथालयातील देवघेवीची वही चाळली तरी हे ध्यानात येते. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ आणि त्यांच्याही आधी वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांवर कोरडे ओढणारे डॉ. अरुण लिमये यांचे ‘क्लोरोफॉर्म’ ही नावे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नकोत. परंतु या पुस्तकांविषयी लिहिताना एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या डॉक्टरचे नाव अद्याप कोणास ठाऊक नाही, ज्याच्या हातून परवाच्या रात्री एखादा रोगी गेला किंवा वाचला, आणि ज्याला त्याविषयी चार पाने लिहावीशी वाटतात, त्याने ती पाठवावीत कोठे? आणि तो डॉक्टर नसून परिचारिका असेल तर?

शोधनिबंधाचे दार या प्रश्नात येत नाही. ते दार उघडे आहे, आणि ते किती दूरच्या माणसासाठी उघडू शकते याचे उत्तम उदाहरण मराठीच आहे. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, आणि मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस, असा तो क्रम. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून तो क्रम टिपला, आणि त्याची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापला. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या विषाच्या परिणामांवर उतारा ठरते, हे सांगणारे लेखनही १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्याची चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. पूर्वी शंभरातील पंचवीस-तीस दगावत, तेथे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. महाडच्या टपालपेटीत पडलेल्या पाकिटाने लंडन गाठले. पाकिटावरचा पत्ता कोणत्या नामांकित महाविद्यालयाचा आहे हे संपादकांनी पाहिले नाही, आत काय आहे ते पाहिले.

याच डॉक्टरांनी मराठीत ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन लिहिले. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यातील एकच ऐवज दोन दारांतून वाचकापर्यंत पोहोचला. निबंधातून लक्षण, मात्रा, तास आणि निष्कर्ष. आत्मकथनातून गरिबी, शिक्षणासाठीची ओढाताण, खेड्यातील नोकरी आणि त्या विंचवामागे लागलेला माणूस. दोन्ही वाचणाऱ्याला एक गोष्ट जाणवते. निबंधात डॉक्टर नाही आणि आत्मकथनात डॉक्टरच डॉक्टर आहे. या दोहोंमध्ये तो रोगी, घोंगडीत गुंडाळून आणलेले ते मूल आणि दाराशी उभा असलेला त्याचा बाप, कोठे राहतो? आमच्या मते त्याची जागा तिसऱ्या प्रकारच्या लेखनात आहे. ते लेखन लहान असते, एका रात्रीपुरते असते, आणि त्यात लिहिणाऱ्याचा विजय असलाच पाहिजे असे नाही.

या तिसऱ्या प्रकाराला इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांनी हेतुपूर्वक जागा करून दिली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या साप्ताहिकाने १९८० साली ‘अ पीस ऑफ माय माइंड’ हे सदर सुरू केले. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने १९९० मध्ये ‘ऑन बीइंग अ डॉक्टर’ हे सदर काढले. परिचारिकांच्या ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’ नावाचे पान आहे. इंग्लंडात ‘हिपोक्रेटिस’ नावाचे काव्य-पारितोषिक २०१० पासून दिले जाऊ लागले, आणि त्यात आरोग्यसेवेतील माणसांच्या कवितांसाठी वेगळा विभाग ठेवला गेला. आपल्याकडे दिल्लीच्या ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ने ‘स्पीकिंग फॉर मायसेल्फ’ या नावाखाली असे लेखन छापले. मुंबईत १९९३ साली एका छोट्या पत्रिकेच्या रूपाने सुरू झालेले आणि पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने वाढलेले नियतकालिकही अनुभवपर लेखनाला जागा देते. दिल्लीच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळींनी २०१४ मध्ये ‘राइम’ हे नियतकालिक काढले. त्यात विद्यार्थ्याची कविताही शोधनिबंधाच्या शेजारी बसते. या सर्वांची भाषा अर्थातच इंग्रजी.

येथे कोणी म्हणेल की आपल्या दिवाळी अंकांत डॉक्टरांचे लेख येतातच. येतात. पण ते बहुधा मागवलेले असतात, आणि लेख मागवला जातो तो नाव झालेल्या माणसाकडून. न मागता आलेले चार कागद उघडून वाचण्याची, त्यावर शेरे मारून परत पाठवण्याची, पुन्हा लिहावयास लावण्याची जी रीत निबंधाच्या बाबतीत आहे, ती मराठीत अनुभव-लेखनाच्या बाबतीत फार थोड्या ठिकाणी आहे. परिणाम असा की मराठी डॉक्टर लेखक होतो तो साठीच्या आसपास, कीर्ती झाल्यावर, आणि एकदम तीनशे पानांचा होतो. तोवर रात्रींच्या आठवणी घासून गुळगुळीत झालेल्या असतात. त्या सभांतून अनेकदा सांगून झालेल्या असतात. प्रत्येकीला शेवट आलेला असतो.

आणखी एक गोष्ट. ‘प्रकाशवाटा’ किंवा ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ ही पुस्तके शब्दांकित आहेत. डॉक्टर बोलले, दुसऱ्या कोणी लिहिले. शब्दांकन हा कमी दर्जाचा प्रकार आहे असे आम्ही मानीत नाही. त्याविना हेमलकशाची किंवा परळच्या त्या वॉर्डाची हकीकत आपणास मिळालीच नसती, आणि शब्दांकन करणाऱ्यांचे श्रम आपण नेहमीच कमी लेखतो. परंतु बोलताना माणूस जेथे अडखळतो ती जागा शब्दांकनात भरून निघते. लिहिणारा स्वतः लिहीत असता, तर त्या जागी थांबला असता. वाचकाला कित्येकदा तेच थांबणे हवे असते.

‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक या दृष्टीने वेगळे उठून दिसते. १९९५ मध्ये बंगांना हृदयविकाराचा झटका आला, आणि जन्मभर इतरांची नोंद ठेवणारा माणूस स्वतःची नोंद ठेवू लागला. संशोधकाची शिस्त त्याने आपल्याच देहाला लावली. पुस्तकाचा पहिला भाग त्यामुळे असा काही जिवंत झाला आहे की त्यातील भीतीही मोजून दिल्यासारखी वाटते. पुढे आहार, ध्यान, योग यांच्या विवेचनात पुस्तक मार्गदर्शक होते. हजारो वाचकांना त्याचा उपयोग झाला हे खरे, पण साहित्य म्हणून पारडे पहिल्या भागाकडे झुकते.

बंग दांपत्याच्या लेखनाविषयी आणखी थोडे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा ‘लॅन्सेट’मधील निबंध गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांविषयी आहे. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झाली होती ती केवळ ८ टक्क्यांची. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्यांना विशेषणाची गरज राहत नाही. पण त्या ६५० जणींना आपल्या दुखण्याला काय म्हणावयाचे असते, कोणापुढे म्हणावयाचे नसते, हे निबंधात येऊ शकत नाही. त्यासाठी राणीताईंना मराठीत ‘कानोसा’ लिहावे लागले. निबंध खोटा नव्हता, अपुराही नव्हता. त्याने जे विचारले तेवढ्याचे उत्तर दिले. याउलट महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरचा २००१ चा अहवाल. सरकारी नोंदींत न आलेले मृत्यू मोजणारा तो दस्तऐवज, आणि त्याचे नाव ‘कोवळी पानगळ’. एखाद्या कवितासंग्रहाला शोभेल असे नाव आकडेवारीच्या अहवालाला दिले गेले, आणि त्या नावाने अहवाल सचिवालयाबाहेर घरोघर पोहोचला. ज्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदींवर सह्या केल्या आहेत त्यांना कोरा रकाना किती सहज भरता येतो हे ठाऊक असते. आम्ही तो अहवाल त्या दृष्टीने वाचला आणि पुन्हा वाचला.

मध्य प्रदेश शासनाच्या राजस्व विभागात असताना, राजस्व पुस्तक परिपत्र सहा-चार खाली सर्पदंश आणि विषारी जंतूंच्या दंशाने झालेल्या मृत्यूंची साहाय्य-प्रकरणे आमच्या हातून जात. पटवाऱ्याचा पंचनामा, ठाण्यातील मर्गचा कागद, शवपरीक्षणाचा कागद. डॉक्टरच्या हस्ताक्षरात कारणाची एक ओळ. ती ओळ नियमाला पुरे होती आणि तीवर रक्कम मंजूर होई. जावयास हवीही होती. पण तालुक्याच्या ठिकाणी चौदा-पंधरा वर्षे काढलेल्या त्या डॉक्टरला एका ओळीहून अधिक काही म्हणावयाचे असेल, हे त्या कागदावरून कोणाच्या मनात आले असते? ज्याला लिहिण्याची एकच जागा माहीत असते, तो एकाच जागेपुरते लिहितो.

आता या पानांच्या जोखमीकडे वळू. जागा दिली की जबाबदारी येते, आणि ‘जामा’ने तिचा चटका खाल्ला आहे. १९८८ च्या जानेवारीत ‘अ पीस ऑफ माय माइंड’मध्ये ‘इट्स ओव्हर, डेबी’ हा अत्यंत छोटा लेख निनावी छापला गेला. रात्रपाळीचा एक शिकाऊ डॉक्टर, अंडाशयाच्या कर्करोगाने झिजलेली वीस वर्षांची अनोळखी मुलगी, तिचे एकच वाक्य, आणि मॉर्फीनचे इंजेक्शन, ज्यानंतर तिचा श्वास थांबतो. अमेरिकेत गदारोळ उठला. शिकागोच्या सरकारी वकिलांनी लेखकाचे नाव मागितले, नियतकालिकाने दिले नाही, आणि न्यायालयाने नियतकालिकाची बाजू उचलून धरली. तो लेख सत्यकथा होती की रचलेली, हे जाहीरपणे कधीच सिद्ध झाले नाही. गंमत अशी की साहित्य म्हणून पाहता हा प्रश्न गौण ठरावा, आणि वैद्यक म्हणून पाहता तोच एक प्रश्न उरावा. दोन शास्त्रांचे नियम एकाच पानावर एकमेकांसमोर उभे ठाकले, ते असे. निनावी लेखन चालणार नाही, आणि रोगी ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती हवी, असे आज अशी नियतकालिके बजावतात.

मराठी डॉक्टरांच्या पुस्तकांत ही संमती कोठे असते? क्वचितच दिसते. नाव बदलले की झाले, असा समज आहे. मुंबईत ते कदाचित चालत असेल. इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्यासारख्या गावांतील आपल्या मराठी वस्तीत चालणार नाही. येथे ‘राजवाड्यामागच्या गल्लीतील एक निवृत्त शिक्षिका’ एवढे लिहिले तरी चहाच्या दुसऱ्या घोटाला नाव निघते. उद्या आपल्यासारख्या एखाद्या सभेने आपल्या पत्रिकेत डॉक्टर-परिचारिकांसाठी दोन पाने राखायची ठरवली, तर पहिला नियम शब्दसंख्येचा नसावा, याचा असावा.

ही दोन पाने राखावीत असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण भाषेचे आहे. आपल्या घरांतील डॉक्टर येथे शोधनिबंध इंग्रजीत लिहितात, रोग्याशी हिंदीत किंवा माळवीत बोलतात. २०२२ पासून तर मध्य प्रदेशात एम.बी.बी.एस.ची हिंदी पाठ्यपुस्तकेही आली. मराठीकडे त्यांच्या व्यवसायातील काहीच उरलेले नाही. उरले आहे ते जेवणाचे टेबल आणि स्मरणिकेतील श्रद्धांजली. एकेकाळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवले जाई, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे अध्यापक त्यासाठी मराठीत ग्रंथ लिहीत. तो काळ परत येणार नाही, यावा असेही आम्ही म्हणत नाही. पण रुग्णालयातून घरी परतल्यावर जी भाषा तोंडात येते, तिच्यात त्या रात्रीचे काही लिहून ठेवता आले पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना आम्ही हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की मी मराठीत लिहीन, पण ज्या बाईवर लिहीन ती सांवेरच्या पलीकडच्या खेड्यातील, अंगठा उठवणारी. संमतीसाठी तिला ते वाचून दाखवावे लागेल. कोणत्या भाषेत वाचून दाखवू? माळवीत सांगितले तर ते मी लिहिलेले राहील काय, आणि मराठीत वाचले तर तिची संमती ही संमती होईल काय? पहिला मसुदा माळवीत तिच्यासमोर तोंडी सांगून मगच तो मराठीत उतरवावा, असे आम्ही सुचवले. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आधी तिला सांगायचं, मग तुम्हांला. हे मात्र मी इतकी वर्षं उलटंच करत आले.”