‘प्लेटाइम’: काच फुटल्यावर

जाक तातीचा ‘प्लेटाइम’ (१९६७) मी पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिला आणि चाळीस मिनिटांत बंद केला. धड कथा नाही, क्लोज-अप जवळजवळ नाहीत, संवाद म्हणजे नुसता गलबला. पुढे मित्राकडे प्रोजेक्टरवर भिंतभर पाहिला, तेव्हा चूक लक्षात आली. हा ७० मिमीवर चित्रित केलेला सिनेमा आहे. एकाच चौकटीत तीन-चार गमती चालू असतात आणि कुठे पाहायचं ते दिग्दर्शक सांगत नाही.

यासाठी तातीने पॅरिसबाहेर काच-पोलादाचं अख्खं शहर उभारलं. त्यात आयफेल टॉवर दिसतो तो दाराच्या काचेत, प्रतिबिंब म्हणून. एका कार्यालयात मस्य ह्युलो वरून खाली पाहतो, तर सगळी माणसं एकसारख्या खोक्यांत. इथे मला हसू आलं नाही. मी रोज तिथेच बसतो.

ताती आधुनिकतेचा वैरी होता, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. रॉयल गार्डन हे नवंकोरं रेस्तराँ बघा. फरशी वेटरच्या बुटाला चिकटून उखडते, खुर्च्या गिऱ्हाइकांच्या पाठीवर मुकुटाची खूण उमटवतात. काचेचं दार फुटतं, तर दरवान नुसती मूठ हवेत धरून पाहुण्यांना ‘दार उघडून’ देतो. छताची सजावट कोसळते, आणि त्या पडक्या कोपऱ्यात एक अमेरिकन आपला खासगी अड्डा थाटतो. प्रवेश फक्त पाठीवर मुकुट असलेल्यांना! आर्किटेक्टची चूकच तिथला पास होते. ताती इमारत पाडा म्हणत नाही. ती बिघडल्यावर माणसं तिच्यात राहायला लागतात, एवढंच दाखवतो.

दोष आहेत. पूर्वार्धातल्या काचेच्या गमती लांबतात, आणि बार्बरा ही पर्यटक व्यक्तिरेखा म्हणून पुसटच राहते. पण या हट्टापायी ताती कर्जबाजारी झाला, चित्रपटांचे हक्क गमावून बसला. पडद्यावर मात्र कडवटपणाचा लवलेश नाही. शेवटी वाहनांनी तुंबलेला चौक जत्रेतल्या चक्रासारखा फिरू लागतो.

वापरणाऱ्याला चुकायला जागाच उरू नये, असा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. ते मी उद्याही करीन. फक्त, त्या पडक्या कोपऱ्यासाठी माझ्या आराखड्यात जागा कुठे आहे, हा प्रश्न आता सुटत नाही.