शिफ्रिन यांचा संपादक आणि मराठी ग्रंथव्यवहार : एक चिकित्सा

प्रकाशनव्यवसायातील मक्तेदारीची चर्चा निघाली की आंद्रे शिफ्रिन यांच्या ‘द बिझनेस ऑफ बुक्स’ (२०००) या ग्रंथाचा आधार हमखास घेतला जातो. शिफ्रिन १९६२ साली न्यूयॉर्कच्या पँथिऑन बुक्समध्ये दाखल झाले व जवळजवळ तीन दशके तिचे संपादकीय धोरण त्यांनी सांभाळले. पँथिऑन ज्या रँडम हाऊसचा भाग होती, ती संस्था या काळात आधी आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडे आणि १९८० मध्ये न्यूहाऊस या वृत्तपत्रमालक कुटुंबाकडे गेली. चांगल्या खपाच्या पुस्तकाने कमी खपाच्या पुस्तकाचा भार उचलावा, हा जुना रिवाज होता. नव्या व्यवस्थापनाने प्रत्येक पुस्तकाने आपला नफा स्वतः दाखवावा, असा दंडक घातला. फूको, हॉब्सबॉम, ई. पी. थॉम्पसन यांची पुस्तके अमेरिकन वाचकांपुढे ठेवणाऱ्या संपादकाला त्या दंडकाखाली काम करणे शक्य नव्हते. १९९० मध्ये शिफ्रिन बाहेर पडले आणि पुढे त्यांनी ‘द न्यू प्रेस’ ही नफा न कमावणारी संस्था उभी केली.

हे कथन जसेच्या तसे मराठीला लागू करण्याची प्रवृत्ती आपल्या चर्चासत्रांतून दिसते. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. शिफ्रिन यांना खुर्ची सोडावी लागली, कारण त्यांच्यासाठी एक पगारी, अधिकार असलेली खुर्ची अस्तित्वात होती. मराठीत अशी खुर्ची क्वचितच होती.

श्री. पु. भागवत (१९२३–२००७) यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘सत्यकथा’ आणि मौज प्रकाशन गृह यांच्याद्वारे त्यांनी मराठी संपादनाचा जो मानदंड निर्माण केला, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हस्तलिखितावरची बारीक टिपणे, लेखकाशी दीर्घ पत्रव्यवहार, पुनर्लेखनाचा आग्रह, प्रसंगी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा ही त्यांची कार्यपद्धती सर्वश्रुत आहे. तिच्यामागच्या अर्थव्यवस्थेकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही. छापखाना आणि व्यवहार बंधू विष्णुपंत पाहत. श्री. पु. स्वतः मराठीचे प्राध्यापक होते. म्हणजे संपादनासाठी लागणारा वेळ कौटुंबिक मालकी आणि महाविद्यालयीन नोकरी यांनी पुरवला होता. ‘व्यक्ती आणि वल्ली’सारखे लोकप्रिय पुस्तक आणि मोजक्या वाचकांचा कवितासंग्रह एकाच छताखाली निघू शकत होते, याचेही कारण हिशेब मागणारा भागधारक तेथे नव्हता, हे असावे. १९३३ पासून चाललेली ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली, तीही कोणी विकत घेऊन बंद पाडली म्हणून नव्हे.

अर्थात या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. त्या कृतीतील नाट्य बाजूला ठेवले तरी त्यांचा प्रश्न उरतोच : निवडीचा अधिकार कोणाच्या अभिरुचीकडे आहे? दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढले. वाचकांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्थेकडून ते यावे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. शिफ्रिन या प्रश्नाशी फारसे थांबत नाहीत; त्यांचा भूतकाळ जरा जास्तच उजळ आहे. त्याच वर्षी, २००० मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट’ या आठवणींत लंडनच्या आंद्रे डॉइच संस्थेच्या संपादिका डायना ॲथिल अधिक प्रांजळ आहेत. आपण व आपले समव्यवसायी मिळून उच्च मध्यमवर्गीय इंग्रजांची एक जातच होतो, असे त्या मोकळेपणाने मान्य करतात. मराठी वाचकाला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शिफ्रिनपेक्षा ॲथिल आपल्याला जवळच्या वाटतात त्या यामुळे.

कोल्हापुरापुरते पाहू. येथे राहून लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. आज ती मेहता पब्लिशिंग हाऊसकडून निघते. मराठीत स्थित्यंतर घडते ते असे. प्रकाशक थकला किंवा निवर्तला की त्याची पुस्तके दुसऱ्या घरी जातात. संपादक जात नाही, कारण बहुधा तो म्हणजे प्रकाशकच असतो. त्याची दृष्टी, त्याने नाकारलेल्या पानांची स्मृती, त्याचा लेखकाशी असलेला संवाद यांचे हस्तांतरण कोणत्याच करारात नसते. कोल्हापूरच्या ग्रंथविक्रीतून पुढे येऊन पुण्यात विस्तारलेल्या मेहतांनी अनुवादाचे मोठे दालन उघडले. ‘लज्जा’, ‘द दा विंची कोड’ अशी पुस्तके त्यातून मराठी घरांत पोहोचली, हे कार्य लहान नाही. परंतु असे पुस्तक मराठीत येते तेव्हा निवडीचा आणि घडवण्याचा मोठा भाग अन्यत्र उरकलेला असतो. मराठी संपादकाकडे उरते ते वाक्यावाक्याला मूळ संहितेशी ताडून पाहणे. हे काम अतिशय कष्टाचे, आणि त्याची नोंद आपली समीक्षा अपवादानेच घेते.

भांडवली कंपनीचा थेट अनुभव भारतीय भाषांना आला तो ॲमेझॉनने २०१६ मध्ये ताब्यात घेतलेल्या वेस्टलँडच्या रूपाने. भारतीय भाषांसाठी ‘एका’ ही स्वतंत्र मुद्रा तेथे सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मालकांनी संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. काही महिन्यांतच व्ही. के. कार्तिका यांच्या नेतृत्वाखालील तीच संपादक मंडळी प्रतिलिपीच्या आधाराने पुन्हा कामाला लागली. वेतन घेणारा, समूहाने काम करणारा संपादकवर्ग असला तर तो मालकाच्या पश्चातही टिकू शकतो, ही गोष्ट मराठी प्रकाशकांनी विचारात घ्यावी अशी आहे. मराठीत भांडवलाचे आक्रमण होईल की नाही, याची चिंता त्यापुढे दुय्यम वाटते.

या संदर्भात आपल्या वर्गाविषयीही बोलणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या ग्रंथलेखनाला गुणांक जोडले. २०१८ मध्ये नियम बदलले, तरी पुस्तकाचे गुण कायम राहिले. त्या गरजेतून लेखकाच्या खर्चाने, आयएसबीएनसह ग्रंथ छापून देणारी एक बाजारपेठ गावोगावी उभी राहिली आहे. तेथे हस्तलिखित अक्षरजुळणी करणाऱ्याकडून थेट बांधणीकडे जाते. मुद्रिते लेखकच तपासतो, तीही बहुधा परीक्षांच्या हंगामात. ‘या प्रकरणाची गरज काय?’ असे समासात लिहिणारा कोणी त्या वाटेवर भेटत नाही, आणि तो भेटला असता तर पुस्तक गुणांकनाच्या मुदतीत निघाले नसते. श्री. पुं.च्या कार्यपद्धतीवरील शोधनिबंधही आज याच वाटेने ग्रंथरूप होतात.