'वज्राघात'मधली मेहेरजान

जळगावहून धुळ्याला जाणारी एस.टी. एरंडोल सोडल्यावर पारोळ्याला थांबते. बी.एड.च्या वर्षी या रस्त्याने मी कितीदा गेले असेन! खिडकीतून किल्ल्याचा तट दिसायचा, शेंगदाणेवाली पोरे खिडकीशी यायची आणि गाडी पुढे निघायची. ह. ना. आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी याच पारोळ्यात झाला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले. हरिभाऊ आपटे हे माझ्यासाठी एका मार्काच्या प्रश्नाचे उत्तर होते. पुढे मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांना वाचायला लागले, आणि 'वज्राघात'पाशी अडकले. त्या अडकण्याविषयी लिहायचे आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. मराठी ऐतिहासिक कादंबरी हातात घेताना मुसलमान वाचक थोडा आक्रसूनच बसतो. दरबार आला की कारस्थान येणार, जनानखाना आला की विषाचा पेला येणार, आणि पेला पुढे करणाऱ्या हाताचे नाव आपल्यापैकी कुणाचे तरी असणार, हे त्याला पहिल्या प्रकरणापासून माहीत असते. हे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण आमच्या घरातल्या फळीवर अब्बांनी जमवलेल्या नसीम हिजाज़ींच्या कादंबऱ्या होत्या. अब्दुल हलीम शररची 'मलिकुल अज़ीज़ वर्जना' (१८८८) मी पुढे वाचली. तिथे तरी काय निराळे आहे? तिथले गद्दार ठरलेले, आणि शत्रूच्या घरची सुंदर मुलगी आमच्या नायकावर भाळणारी. स्कॉटच्या इंग्रजी कादंबरीला उत्तर द्यायचे म्हणून शररने लेखणी उचलली आणि उत्तर देता देता साचा तोच उचलला. तेव्हा मराठीला नावे ठेवताना आपल्या फळीकडेही एकदा पाहावे.

'वज्राघात' १९१३ ते १९१५ या काळातली. विषय विजयनगरच्या नाशाचा, तालिकोटच्या लढाईचा. कथेचा कणा थोडक्यात असा. तरुण रामराजाचे मेहेरजान या मुसलमान तरुणीवर प्रेम बसते. पुढे सत्तेची वाट दिसू लागते. ती वाट कृष्णदेवरायाचा जावई होण्यातून जाते. रामराजा मेहेरजानला टाकतो. मुलगा होतो, तो आईपाशी वाढतो, आणि त्याचे नाव रणमस्तखान. विजापूरच्या पक्षाचा म्हणून तो मोठा होतो आणि शेवटी बापाच्या नाशाला कारण होतो. दरबार, हेर, वेषांतर, चोरून ऐकलेली बोलणी हा सगळा सरंजाम आहेच. पण या सगळ्याच्या मुळाशी एका बाईची फसवणूक आहे आणि फसवणारा हिंदू सम्राज्याचा कर्ता पुरुष आहे. हे एका पुणेकर ब्राह्मण लेखकाने १९१३ मध्ये लिहिले. आपल्या समीक्षेने याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

तालिकोट म्हटले की एक ठराविक वाक्य तयार असते: पाच मुसलमानी सत्ता एक झाल्या आणि त्यांनी एक हिंदू साम्राज्य बुडवले. आपट्यांच्या अनेक वाचकांनी कादंबरीही तशीच वाचली असणार. मात्र कथानकाने ते वाक्य आतून पोखरले आहे. ज्याच्या हातून घाव बसतो तो परका नाहीच. तो रामराजाचे रक्त आहे. बापाने कबूल केले असते तर तोच मुलगा विजयनगरच्या बाजूने उभा राहिला असता. धर्मामुळे वैर झाले असे कादंबरी सांगत नाही. वैर झाले ते शब्द मोडल्यामुळे. लेखकाला एवढे सारे म्हणायचे होते की नव्हते, हा वाद मी घालणार नाही. त्याने रचलेली गोष्ट हेच म्हणते.

ही गोष्ट मी एकदा नववीच्या वर्गात ऑफ तासाला सांगितली. मुली मन लावून ऐकत होत्या. रामराजाने मेहेरजानला सोडले इथवर आले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, उसको मेहर मिला था क्या?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. त्या मुलीच्या घरची हकीकत मला ठाऊक होती. तिची आई माहेरी परत आलेली होती. मी सांगितले की आणाभाकांपलीकडे मेहेरजानपाशी दाखवण्यासारखे काही नव्हते. मुलगी म्हणाली, "फिर तो बेचारी किधर जाती?"

बेचारी कुठे जाणार, हा प्रश्न आपट्यांना नवा नव्हता. 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू याच लेखकाची. १८९० पासून 'करमणूक'मध्ये तिची कहाणी क्रमशः येत होती. विधवा झालेली, जबरदस्तीने केशवपन झालेली यमू आपली गोष्ट स्वतः सांगते. सगळी कादंबरी तिच्या तोंडून येते. त्याच लेखकाने पुढे ऐतिहासिक कादंबरीत मेहेरजान आणली, तेव्हा मला ती यमूचीच बहीण वाटली. एकीला रूढीने टाकले, दुसरीला राजकारणाने. पण दोघींत एक फरक आहे, आणि माझी तक्रार तिथेच आहे. यमूला बोलायला मिळाले. मेहेरजानला फक्त सूड मिळाला.

टाकलेल्या बाईचे आयुष्य म्हणजे वीस-पंचवीस वर्षे डोळ्यांत अंगार घेऊन बसणे नव्हे. तिला भाकरी लागते, पोराला ताप येतो, शेजारपाजार बोलतो, रात्री कधी त्या माणसाची आठवण येते आणि स्वतःचाच राग येतो. हा सगळा मधला काळ मला हवा होता. आपटे हे लिहू शकत नव्हते असे नाही. यमूच्या घरातले स्वयंपाकघर, माजघर, सासूचे टोमणे सगळे त्यांनी लिहिले आहे. मेहेरजानचे घर त्यांना आतून माहीत नव्हते. जे घर आतून माहीत नसते तिथे लेखक खंजीर ठेवतो. एवढ्यावरून त्यांना दोष देणे मला जड जाते. ते घर ज्यांना आतून माहीत होते त्यांनी तरी कुठे लिहिले? शाहबानो प्रकरण १९८५-८६ मध्ये गाजले तेव्हा आपण सगळे बोललो, तावातावाने बोललो, पण त्या बाईच्या मधल्या वर्षांविषयी किती बोललो?

दुसरी तक्रार इतिहासाची आहे. इथे मला वाटते, हरिभाऊंनी हातचे सोने टाकून पितळ घेतले. फेरिश्त्याने नोंदवलेली हकीकत अशी. विजापूरचा अली आदिलशहा थोडेसे स्वार घेऊन स्वतः विजयनगरला गेला. रामराजाचा मुलगा वारला होता, त्याच्या दुःखात सामील व्हायला गेला. रामराजाच्या पत्नीने त्याला मुलगा मानले. निरोपाच्या वेळी मात्र रामराजा त्याला पोचवायला निघाला नाही, आणि तो सल अलीच्या मनात राहिला. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा तर राज्यावर येण्याआधी कितीतरी वर्षे रामराजाच्याच आश्रयाला होता. म्हणजे २३ जानेवारी १५६५ रोजी समोर उभे राहिलेल्यांत एक मानलेला मुलगा होता आणि एक घरात राहून गेलेला पाहुणा. हे असे असताना काल्पनिक मुलगा आणायची गरज काय होती? रामराजाचे डोके उतरवले ते अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने. त्याच्या मुलखाची विजयनगरच्या फौजेने धूळधाण केली होती. सूड म्हणायचा तर तो होता.

आणि त्या लढाईआधी सुलतानांनी आपसांतली भांडणे कशी मिटवली? लग्ने लावून. हुसेन निजामशहाची मुलगी चाँदबीबी अली आदिलशहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला दिली. पुढे अहमदनगरच्या तटावर मोगलांशी लढली तीच ही चाँदबीबी. तालिकोटच्या वेळी ती अजाण पोरगी होती. एका किल्ल्याबरोबर तिला सासरी पाठवले गेले, तिला कुणी काही विचारले असेल असे वाटत नाही. दरबारातल्या कारस्थानात बाईचे खरे स्थान हे असे होते. पेल्यात विष कालवणारी बाई कादंबरीला लागते. इतिहासात बहुतेक वेळा बाईच पेल्यासारखी या हातातून त्या हातात गेली.

इजिप्तच्या नजीब महफूजची 'किफाह तीबा' (१९४४) मी इंग्रजी भाषांतरातून वाचली, तेव्हा 'वज्राघात' पुन्हा आठवली. तिथे काळ फिरऔनांचा, शत्रू हिक्सोस नावाचे परके राज्यकर्ते. तरुण अहमोस आजोबांच्या आणि वडिलांच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघतो आणि शत्रूच्याच राजकन्येवर त्याचा जीव जडतो. ती त्याच्या हाती सापडते. शेवटी आपल्या कैद्यांच्या सुटकेच्या बदल्यात तो तिला परत पाठवतो. महफूज आणि आपटे दोघेही इंग्रजी अंमलाखालच्या देशात लिहीत होते, दोघांनीही जुन्या राज्याच्या आडून आजच्या स्वातंत्र्याची गोष्ट केली. दोघांच्याही गोष्टीत राज्य जिंकते आणि बाई सुटते. महफूज मात्र त्याला त्याग म्हणतो आणि आपल्याकडून नायकासाठी हळहळ मागतो. आपटे त्याला गुन्हा म्हणतात आणि त्याची किंमत साऱ्या साम्राज्याकडून वसूल करतात. महफूजला १९८८ मध्ये नोबेल मिळाले, तो फार मोठा कादंबरीकार आहे, हे सगळे मान्य; पण या एका जागी पारोळ्यात जन्मलेला आमचा माणूस मला अधिक न्यायी वाटतो.

कादंबरी आज वाचायला सोपी नाही, हेही सांगायला हवे. लेखक मध्येच थांबून वाचकाशी बोलतो, संवाद लांबतात, योगायोग इतके की कधी कधी पुस्तक मिटावेसे वाटते. मुसलमान पात्रांच्या तोंडची भाषाही घरात बोलतो तशी वाटत नाही, नाटकातल्यासारखी वाटते. मी सलग वाचायचा प्रयत्न केला आणि दमले. मग रोज रात्री दोन-तीन प्रकरणे असे वाचले, तेव्हा जमले.

वाचून झाल्यावर एका सुट्टीत शाळेतल्या दोन शिक्षिकांबरोबर थाळनेरला गेले. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. तिथे खानदेशच्या फारूकी सुलतानांच्या कबरी आहेत. १५०८ मध्ये या घराण्यातला गझनीखान तख्तावर बसला आणि दहा दिवसांच्या आत त्याला विष दिले गेले. मग एका वारसाच्या मागे अहमदनगर उभे राहिले, दुसऱ्याच्या मागे गुजरातचा महमूद बेगडा. १५०९ मध्ये बेगड्याच्या माणसाला इथे थाळनेरलाच तख्तावर बसवले गेले. दहा दिवसांच्या त्या सुलतानाला आई होती, कदाचित बायको होती. त्यांची नावे मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. त्यांच्यावर लिहिलेली मराठी किंवा उर्दू कादंबरीही माझ्या वाचनात आलेली नाही. हरिभाऊंना कादंबरी उभी करायला एवढे पुरले असते.