सरकीतला ‘स’

रसग्रहण कवितेचंच करावं असं थोडंच आहे? २०११ साली ‘नॉइज अँड हेल्थ’ या नियतकालिकात दुबे, इंगळे आणि इंगळे यांचा एक शोधनिबंध आला. जळगाव जिल्ह्यातले १० जिनिंग कारखाने, तिथले कामगार आणि त्यांचे कान, एवढाच विषय. मी तो अधूनमधून काढून वाचतो आणि दर वेळी वेगळ्याच आकड्यापाशी अडखळतो.

जिनात मोजलेला आवाज ८९ ते १०६ डेसिबल. वरवर पाहिलं तर फरक १७चाच. पण या शिडीवर १० पायऱ्या चढल्या की आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे वरचं टोक खालच्याच्या पन्नासपट. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला ८ तासांची मुभा, १०५ला जेमतेम एका तासाची. जिनात मात्र पाळी संपेपर्यंत सुरी आपटत राहते, रोलरच्या चामड्याला धरून रुई पुढे जाते, सरकी खाली गळते.

निबंधातली मला सगळ्यांत आवडलेली जागा म्हणजे तुलनेसाठी घेतलेली माणसं. ती काही मळ्यातल्या शांततेत राहणारी नाहीत, रोजच्या रहदारीच्या आवाजात वावरणारीच आहेत. तरीही फरक लपत नाही.

मग येतात ते तीन आकडे. ऐकण्याचा उंबरठा सरासरी २५ डेसिबलच्या वर गेलेले कामगार खालच्या सुरांत शंभरात ९६, मधल्या सुरांत ९७, वरच्या सुरांत ९४. इथे थांबावं लागतं. आतला कान शंखासारखा गुंडाळलेला असतो. वरचे सूर त्याच्या तोंडाशीच टिपले जातात आणि गोंगाटाचा पहिला मार तिथल्याच केसपेशींना बसतो, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास. या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. खालचे सूर पार आतल्या वेढ्यात, ते सहसा बरीच वर्षं तगतात. इथे तेही गेलेले. तपासणीची खोली पुरेशी शांत होती ना, अशी शंका मला येते, कारण बाहेरची घरघर खालचेच सूर झाकते. पण कामाची वर्षं वाढतील तसं ऐकणं घटतं, हा निबंधातला धागा पक्का आहे. त्याचं खापर खोलीवर फोडता येत नाही.

शेवटी शिफारशी: कानात प्लग सक्तीचे करा, यंत्रांची देखभाल ठेवा, कान नियमित तपासा. मी यंत्राला पहिला नंबर दिला असता.

निबंधात नसलेली एक गोष्ट मात्र मला सुचत राहते. ‘स’ हा वरच्या सुरांतला वर्ण, आणि आमच्या अहिराणीत क्रियापदाचा निम्मा भार त्याच्यावर. ‘जास’ म्हणजे जातो. ‘स’ गळाला की उरतं नुसतं ‘जा’.

धुळ्याकडच्या एका जिनात पाळी सुटल्यावर एक म्हातारबा ओट्यावर बसले होते. कानातून रुईचा बोळा काढून त्यांनी खिशात ठेवला. त्या बोळ्यानं आवाज असा कितीसा अडणार! मी विचारलं, “बाबा, तुमना पोऱ्या कोठे जास?”

त्यांनी माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. “मी कोठे जासू? आठेच शे.”